विश्लेषण : अभिनयाच्या पहिल्या वर्षाला शिकवले जाणारे स्तानिस्लाव्हस्की कोण होते? स्वतःच्या अपयशातून त्यांनी ‘पद्धती’ कशी उभी केली?

नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या कानावर एक नाव लवकरच पडते, ते म्हणजे कॉन्स्टँटिन स्तानिस्लाव्हस्की. पात्राला काय हवे आहे, ते कुठे आहे, कुठून आले आहे, असे प्रश्न आज तालमीत सर्रास विचारले जातात. ते पद्धतशीरपणे विचारायला या रशियन नटाने शिकवले. मात्र ही पद्धत एखाद्या जन्मजात प्रतिभावंताने सहज सांगितलेली नाही. रंगमंचावर वारंवार अडखळलेल्या माणसाने ती आयुष्यभर शोधली.

कारखानदाराचा मुलगा रंगमंचावर कसा आला?

स्तानिस्लाव्हस्की यांचा जन्म १८६३ मध्ये मॉस्कोतील एका धनाढ्य कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव अलेक्सेयेव्ह. जरीसाठी लागणारी सोन्या-चांदीची तार बनवण्याचा घरचा कारखाना होता. घरात नाटकाची आवड होती, पण कारखानदाराच्या मुलाने नट होणे प्रतिष्ठेला धरून नव्हते. त्यामुळे त्यांनी रंगमंचासाठी ‘स्तानिस्लाव्हस्की’ हे टोपणनाव घेतले.

वयाच्या १४व्या वर्षी घरच्या हौशी प्रयोगात काम करू लागल्यापासून त्यांनी एक वही ठेवली. आपले काय चुकले, काय जमले, हे ते त्यात लिहीत. ही सवय पुढे कायम राहिली. १८८५ मध्ये ते मॉस्कोच्या नाट्यशाळेत दाखल झाले. तिथे शिक्षकांच्या लकबींची नक्कल करायला शिकवले जाते हे पाहून काही आठवड्यांतच त्यांनी शाळा सोडली. अभिनय शिकवायचा तर नक्कल न करता कसा शिकवायचा, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनात राहिला.

मॉस्को आर्ट थिएटर कसे सुरू झाले?

जून १८९७ मध्ये नाटककार आणि अभिनयशिक्षक नेमिरोविच-दान्चेन्को यांच्याशी त्यांची मॉस्कोतील एका रेस्टॉरंटमध्ये भेट झाली. दुपारी सुरू झालेली चर्चा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, सुमारे १८ तास चालली. त्यातून १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभे राहिले. भरपूर तालमी, कडक शिस्त आणि लहान भूमिकेलाही मोठ्या भूमिकेइतकेच महत्त्व, ही या संस्थेची ओळख ठरली.

चेखव्ह यांचे ‘द सीगल’ हे नाटक १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला सपशेल पडले होते. डिसेंबर १८९८ मध्ये याच संस्थेने ते पुन्हा केले आणि ते गाजले. उडता सीगल पक्षी संस्थेचे बोधचिन्ह झाला. पुढे चेखव्ह यांची ‘अंकल वान्या’, ‘थ्री सिस्टर्स’ आणि ‘द चेरी ऑर्चर्ड’ ही नाटकेही इथेच रंगली.

यश मिळाल्यावर अडचण काय होती?

१९०६ मध्ये संस्थेचा युरोप दौरा गाजला. त्यानंतर फिनलंडमध्ये सुटीवर असताना स्तानिस्लाव्हस्की यांना जाणवले, की आपल्या गाजलेल्या भूमिका आतून रिकाम्या झाल्या आहेत. इब्सेनच्या ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’मधील डॉ. स्टॉकमन ही त्यांची लाडकी भूमिका होती. हातवारे तेच, चालणे तेच, टाळ्याही त्याच. पण सुरुवातीला जी जाणीव होती ती निघून गेली होती. जे एखाद्या रात्री आपोआप घडते, ते रोजच्या प्रयोगात कसे घडवायचे? या प्रश्नातून त्यांची ‘पद्धती’ आकाराला येऊ लागली.

सहकारी नटांना हे प्रयोग नकोसे वाटत होते. त्यामुळे तरुण नटांना घेऊन १९१२ मध्ये त्यांनी वेगळा ‘फर्स्ट स्टुडिओ’ सुरू केला. १९१७ मध्ये तर दीर्घ तालमींनंतर त्यांच्याच संस्थेत त्यांच्याकडून एक भूमिका काढून घेण्यात आली. अभिनय शिकवणाऱ्यालाच भूमिका जमली नाही, हा घाव मोठा होता. शिकवणे आणि शोध घेणे मात्र त्यांनी थांबवले नाही.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नेमके काय शिकतो?

‘अॅन अॅक्टर प्रिपेअर्स’ हे त्यांचे पुस्तक एका नवशिक्या विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात आहे. त्यातला एक प्रसंग वर्गात हमखास सांगितला जातो. पडद्याच्या घडीत खोचलेली एक पिन शोधायची, असे एका विद्यार्थिनीला सांगितले जाते. ती मंचावर धावत येते, डोके धरते, व्याकूळ होते. काम उत्तम झाले असे तिला वाटते, पण पिन शोधायची ती विसरलेलीच असते. मग शिक्षक सांगतात, की पिन मिळाली नाही तर शाळा सोडावी लागेल. आता ती खरोखर एकेक घडी तपासते आणि पाहणाऱ्यांची नजर तिच्यावरून हलत नाही.

त्यांच्या शिकवणीचा पाया या प्रसंगात आहे. भावना थेट दाखवायला गेले की ती खोटी वाटते. त्याऐवजी तीन गोष्टी पक्क्या करायच्या. पात्र कोणत्या परिस्थितीत आहे? त्याला काय हवे आहे? आणि मी त्याच्या जागी असतो तर काय केले असते? यातल्या शेवटच्या प्रश्नाला ‘जादूचा जर’ म्हणतात. कृती खरी झाली, की भावना तिच्यामागून येते.

‘मेथड अॅक्टिंग’ म्हणजे हेच का?

पूर्णपणे नाही. नटाने स्वतःच्या आयुष्यातील जुन्या भावना आठवाव्यात, हा त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांचा भाग होता. अमेरिकेत ली स्ट्रासबर्ग यांनी त्यावर भर दिला. पण १९३४ मध्ये अभिनेत्री स्टेला अॅडलर पॅरिसमध्ये स्तानिस्लाव्हस्की यांना भेटल्या, तेव्हा ते कल्पनाशक्ती आणि शारीरिक कृतीकडे वळलेले होते. आपलाच जुना विचार दुरुस्त करायला त्यांना संकोच वाटला नाही.

अखेरची वर्षे कशी होती?

रशियन क्रांतीनंतर कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि घरची श्रीमंती संपली. १९२२ ते १९२४ या काळात संस्था युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. मुलाच्या क्षयरोगावरील उपचारांसाठी त्यांना पैशांची गरज होती. ‘माय लाइफ इन आर्ट’ हे आत्मचरित्र याच काळात लिहिले गेले आणि १९२४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

ऑक्टोबर १९२८ मध्ये संस्थेच्या तिसाव्या वर्धापनदिनी ‘थ्री सिस्टर्स’मध्ये काम करताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पडदा पडेपर्यंत ते उभे राहिले. त्यानंतर ते नट म्हणून मंचावर परतले नाहीत. १९३८ च्या सुरुवातीला त्यांचे जुने सहकारी मेयरहोल्ड यांचे थिएटर सोव्हिएत सरकारने बंद केले. त्यांच्यापासून लोक दूर पळत असताना स्तानिस्लाव्हस्की यांनी त्यांना आपल्या ऑपेरा थिएटरमध्ये काम दिले. त्याच वर्षी ७ ऑगस्टला स्तानिस्लाव्हस्की यांचे निधन झाले.

मराठीशी संबंध काय?

‘नाट्यमन्वंतर’शी जोडलेले नट आणि समीक्षक के. नारायण काळे यांनी ‘अॅन अॅक्टर प्रिपेअर्स’ मराठीत ‘अभिनयसाधना’ या नावाने आणले. त्यामुळे इंग्रजी न वाचणाऱ्या मराठी नटांपर्यंतही हा विचार पोहोचला. आजही एकांकिकेच्या तालमीत दिग्दर्शक नटाला रडून दाखवू नकोस, तुला समोरच्याकडून काय हवे आहे ते शोध, असे सांगतो, तेव्हा तो १४व्या वर्षी सुरू झालेल्या त्या वहीतलाच धडा गिरवत असतो.