धारवाडचे बेंद्रे मास्तर

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीनिमित्त आपण मराठी भाषा दिन साजरा करतो. शाळाशाळांतून ग्रंथदिंडी निघते, मुले पाठ केलेल्या कविता म्हणतात, मुख्याध्यापकांचा आणि देणगीदारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. त्याआधी बरोबर सत्तावीस दिवस, म्हणजे ३१ जानेवारीला, आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर असलेल्या धारवाडात आणखी एका कवीची जयंती तेवढ्याच उत्साहाने होते. या कवीच्या घरात मराठी बोलली जात असे आणि जगाने त्यांना ओळखले ते कन्नड कवी म्हणून. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे हे त्यांचे नाव. कवी म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. आम्ही शाळामास्तर, तेव्हा आम्हाला त्यांच्यातल्या शाळामास्तराविषयी लिहायचे आहे.

निमित्त असे झाले. आमच्या शाळेच्या समितीपुढे मध्यंतरी एक प्रस्ताव आला. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर रोज एक तास कन्नडचा जादा वर्ग घ्यावा, असा. समितीत दोन तट पडले. इतकी वर्षे ज्या भाषेच्या सक्तीविरुद्ध आपण अर्ज-विनंत्या केल्या, तिचाच वर्ग आपणहून उघडायचा म्हणजे हात टेकणे होय, असे काहींचे म्हणणे होते. खरे सांगायचे तर आम्हीही त्याच मताचे होतो. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. त्याच सुमारास शिक्षण खात्यातल्या एका कामासाठी समितीचे आम्ही तिघे धारवाडला गेलो. काम दुपारीच आटोपले, परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून बाजारातून सुभाष रोडला निघालो.

सुभाष रोडवर मनोहर ग्रंथमाला आहे. धारवाडकर त्या जागेला नुसते अट्ट म्हणतात. अट्ट म्हणजे आपला माळा. बेंद्र्यांच्या मित्रमंडळातले जी. बी. जोशी यांनी १९३३ साली ही ग्रंथमाला सुरू केली. वर्गणीदारांनी वर्षाची वर्गणी भरायची आणि वर्षभरात ठरावीक पुस्तके घ्यायची, अशी साधी योजना. त्या माळ्यावर बसून कन्नडमधल्या दोन-तीन पिढ्यांचे लेखक घडले. गिरीश कर्नाडांचे ययाति हे पहिले नाटक १९६१ साली येथूनच निघाले. आपल्या खांडेकरांची ययाति कादंबरी त्याच्या दोनच वर्षे आधीची, हे येथे सहज आठवते. सरकारी अनुदानाची वाट न बघता गावातल्या वाचकांच्या वर्गणीवर उभा राहिलेला हा शिक्षणाचाच उपक्रम, असे आम्ही समजतो. तो जिना उतरताना आमच्यातल्या एकाने विचारले, की या सगळ्यांच्या मुळाशी असलेला माणूस घरी मराठी बोलत होता, हे आपण आपल्या मुलांना कधी सांगितले आहे काय? आम्ही सांगितले नव्हते. म्हणून हा लेख.

पोरका विद्यार्थी

बेंद्र्यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडात झाला. घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे, पण पिढ्यान् पिढ्या कर्नाटकात रुजलेले. आजोबा वेदशास्त्रसंपन्न. वडील रामचंद्रपंत मुलगा लहान असतानाच वारले. चार भावांत दत्तात्रेय थोरले. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर आजी आणि आई अंबिका यांनी खानावळ चालवून मुले वाढवली. पुढे या मुलाने कवितेखाली अंबिकातनयदत्त असे नाव लिहायला सुरुवात केली. अंबिकेचा मुलगा दत्त. बापाच्या नावाची रीत असलेल्या समाजात आईचे नाव असे वर काढणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आमच्या शाळांत आजही बाप नसलेली, आई दुसऱ्याच्या घरी राबणारी मुले आहेत. अशा मुलाला शिकवून काय उपयोग, असे म्हणणारे पालक आणि कधीकधी मास्तरही भेटतात. त्यांनी हे चरित्र ध्यानात ठेवावे. चुलत्यांनी हात दिला म्हणून बेंद्र्यांची शाळा सुटली नाही. १९१३ साली ते मॅट्रिक झाले. धारवाडचे कर्नाटक कॉलेज निघाले १९१७ साली, तेव्हा पुढे शिकायचे तर पुणे गाठणे भाग होते. त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९१८ साली पदवी घेऊन ते गावी परतले. पुण्याच्या त्या वर्षांत मराठी साहित्याचा त्यांना जवळून परिचय झाला. परत येताच त्यांनी जी नोकरी धरली ती मास्तरकीची, धारवाडच्या व्हिक्टोरिया हायस्कुलात. हीच शाळा पुढे विद्यारण्य हायस्कूल झाली. दुसऱ्याच वर्षी, १९१९ साली, लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला.

धारवाडची शाळा आणि आपले एक देणे

बेंद्रे ज्या धारवाडात मास्तर झाले, त्या धारवाडातल्या शाळांचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. तो आपल्याला काहीसा अडचणीचा आहे, म्हणून तर मुद्दाम सांगतो. पेशवाई गेल्यावर हा मुलूख मुंबई इलाख्यात आला. कचेरीचा आणि शाळेचा कारभार कितीतरी वर्षे मराठीत चालला. घरी कन्नड बोलणारी मुले शाळेत मराठी अक्षरे गिरवत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी खात्यात राहून, वरिष्ठांचे मन वळवून, कन्नड शाळा उघडल्या आणि कन्नड मास्तर तयार केले. १८९० साली रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला. मुलाला त्याच्या आईच्या भाषेत शिकवा, एवढेच या मंडळींचे मागणे होते.

आज सीमाभागात आमच्या समित्या तेच मागतात. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, त्याच वर्षी घटनेत ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले गेले. त्या कलमावर बोट ठेवून आम्ही आजवर किती निवेदने दिली त्याची गणती नाही. पण ज्या न्यायाने आज आम्ही मराठी शाळा मागतो, त्याच न्यायाने तेव्हा चन्नबसप्पांनी कन्नड शाळा मागितल्या होत्या. तेव्हा वरचढ भाषा आमची होती. हे मान्य केल्याने आमचा हक्क कमी होत नाही, उलट तो अधिक भक्कम होतो.

नोकरी गेलेला मास्तर

१९२२ साली बेंद्र्यांनी धारवाडात मित्रांचे एक मंडळ जमवले. त्याचे नाव गेळेयर गुंपु. विनायक कृष्ण गोकाक, शं. बा. जोशी, रं. श्री. मुगळी, आनंदकंद अशी मंडळी त्यात होती. यांतले बरेच जण पेशाने शिक्षक. कविता वाचायच्या, चर्चा करायची, खेड्यांतून फिरून लोकांची बोली ऐकायची, असा त्यांचा कार्यक्रम. शाळेच्या वेळेनंतर चालणारी ती दुसरी शाळाच होती. शं. बा. जोशी यांनी पुढे मऱ्हाटी संस्कृतीवर मराठीतच ग्रंथ लिहिला आणि त्यावर आपल्याकडे बराच वाद झाला. मुगळी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात कन्नड शिकवत, गोकाकही काही काळ तेथेच होते. तेव्हा भाषांच्या मधून राज्याची सीमा गेली नव्हती आणि माणसे इकडून तिकडे सहज जात-येत होती.

१९३२ साली बेंद्र्यांचा गरी हा कवितासंग्रह निघाला. त्यातल्या नरबली या कवितेत सरकारला राजद्रोह दिसला. बेंद्र्यांना अटक होऊन ते आपल्या बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात गेले, नंतर धारवाडजवळ मुगद येथे नजरकैदेत राहिले. सुटून आले तेव्हा नोकरी नव्हती. वय छत्तीस-सदतीस, पदरी संसार, आणि राजद्रोहाचा शिक्का बसलेल्या मास्तराला कायम नोकरी कोण देणार? पुढची कितीतरी वर्षे ओढाताणीत गेली. त्यातच घरात एकामागून एक लेकरे दगावली. एका मुलाच्या मृत्यूवर त्यांनी लिहिलेली कविता आजही कन्नड घरांतून ऐकताना लोकांचे डोळे भरतात. त्या कवितेत दुःखाने थिजलेल्या आईच्या नजरेला बाप सामोरा जाऊ शकत नाही. आमचे कन्नड शिक्षक मित्र ती वर्गात शिकवताना आवाज सांभाळू शकत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे.

या काळात त्यांनी केलेली एक गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. १९३५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते एम.ए. झाले. हातात काम नाही म्हणून कपाळाला हात लावून बसले नाहीत, पुन्हा विद्यार्थी झाले. बी.एड. झाल्यावर पुस्तक मिटणाऱ्या आम्हा मंडळींना हा धडा आहे. १९४३ साली शिवमोग्याच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

सोलापूरची बारा वर्षे

संमेलनाध्यक्ष झालेल्या या कवीला कायमची नोकरी मिळाली ती कोठे? सोलापुरात. १९४४ साली सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात, म्हणजे आजच्या दयानंद कॉलेजात, ते कन्नडचे प्राध्यापक झाले आणि १९५६ पर्यंत तेथेच राहिले. मराठी शहर, कॉलेजचालक आर्यसमाजाच्या परंपरेतले, आणि शिकवायची भाषा कन्नड. सोलापूर-अक्कलकोट भागात कन्नड बोलणारी कुटुंबे पुष्कळ. त्यांच्या मुलांना कन्नडचा उत्तम शिक्षक मिळावा असे तिथल्या चालकांना वाटले. या चालकांचे कौतुक आम्हाला फार वाटते. कवीचे नाव राहते, त्याला खुर्ची देणाऱ्या संस्थाचालकाचे कोणी नाव घेत नाही. शाळा-कॉलेज चालते ते अशा माणसांमुळे. हजेरीपट, वर्गखोल्या, पगारपत्रके यांत आयुष्य घालवून ते योग्य शिक्षक योग्य मुलांपर्यंत पोचवतात.

सोलापुरात बेंद्र्यांची मराठीही जागी राहिली. त्यांनी मराठीत लेखन केले. संवाद या त्यांच्या मराठी पुस्तकाला केळकर पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्याला कन्नडने वरकवी म्हणून डोक्यावर घेतले, त्याने आपली घरची भाषा टाकली नव्हती आणि गावची भाषा परकी मानली नव्हती.

१९५६ साली साठीच्या उंबरठ्यावर ते धारवाडला परतले आणि आकाशवाणीच्या धारवाड केंद्राचे सल्लागार झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि सोलापूर मुंबई राज्यात राहिले. बारा वर्षे ज्या गावात शिकवले ते गाव एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, अशी त्यांची स्थिती झाली. सीमाभागातल्या वाचकांना ती समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढचे मानसन्मान सर्वांना माहीत आहेत. अरळु मरळु या संग्रहाला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९६८ साली पद्मश्री, नाकुतंती या संग्रहासाठी १९७३ चा ज्ञानपीठ. नाकुतंती म्हणजे चार तारा. त्यानंतरच्या वर्षीचे, १९७४ चे, ज्ञानपीठ आपल्या वि. स. खांडेकरांना मिळाले. खांडेकरही मूळचे शिरोड्याच्या शाळेतले मास्तर. लागोपाठच्या दोन वर्षी एक कन्नड आणि एक मराठी शाळामास्तर देशाच्या सर्वोच्च साहित्यसन्मानापर्यंत पोचले, ही गोष्ट प्रत्येक शिक्षकदिनी सांगावी अशी आहे.

ऑक्टोबर १९८१ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, बेंद्रे मुंबईत वारले. साधनकेरीच्या तळ्याकाठी त्यांचे घर आहे, तेथे स्मारकही झाले आहे. योगायोग असा, की त्यांच्या मंडळातले गोकाक ज्या समितीचे अध्यक्ष होते तिचा अहवालही १९८१ सालचाच. हायस्कुलात कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी, अशी त्या समितीची शिफारस होती. १९८२ साली त्यासाठी मोठे आंदोलन झाले आणि सीमाभागातल्या मराठी शाळांतून त्यावर बरीच वर्षे चर्चा होत राहिली. आमचे त्या शिफारशीविषयीचे मत बदललेले नाही. भाषा सक्तीने शिकवली की मुले ती पाठ करतात आणि विसरतात. प्रेमाने शिकवली की तिच्यात कविता लिहितात.

समितीचा ठराव

धारवाडहून परतल्यावर पुढची बैठक झाली. सुभाष रोडवर निघालेला विषय आम्ही समितीपुढे मांडला आणि आमचा विरोध मागे घेतला. एका ज्येष्ठ सदस्यांना तो पटला नाही. त्यांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला, आणि तो त्यांचा हक्क आहे. सरकार सक्ती थांबवणार नाही आणि आपण मात्र दार उघडून देणार, ही त्यांची भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तरी बहुमताने ठराव झाला. शाळेचे माध्यम मराठीच राहील, त्यासाठीची निवेदने आणि पाठपुरावा चालूच राहील, आणि शाळा सुटल्यावर एक तास कन्नडचा वर्ग भरेल. शिकवायला जवळच्या कन्नड शाळेतल्या एका बाई तयार झाल्या आहेत. त्यांच्या मुलांसाठी आम्ही मराठीचा वर्ग घ्यावा, अशी त्यांची अट आहे. आम्ही ती आनंदाने मान्य केली.

कन्नडला २००८ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीला २०२४ साली. दोन्ही भाषा थोर आहेत असे आता सरकारनेच सांगितले आहे, पण थोर भाषेलाही मुले लागतात. आज आमच्या मराठी शाळांचा पट रोडावतो आहे, शेजारच्या कन्नड शाळेचीही तीच रड आहे, आणि दोघांचीही मुले तिसरीकडेच, इंग्रजी माध्यमाकडे चालली आहेत. अशा वेळी गावोगावच्या मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांना आणि समिती सदस्यांना आमची हात जोडून विनंती आहे. येत्या ३१ जानेवारीला आपल्या शाळेत बेंद्रे मास्तरांचा फोटो लावा. मराठी घरातल्या या मुलाची गोष्ट मुलांना मराठीतून सांगा आणि त्यांची एक कविता कन्नडमधून म्हणवून घ्या. हाराफुलांचा खर्च वाचेल त्यात दोन्ही भाषांची चार पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात आणा.