गेरूच्या गावातील परका पाहुणा

दक्षिण फ्रान्समधील वोक्लूझ परगण्यात रूसियों नावाचे एक छोटे खेडे आहे. गाव टेकडीवर वसलेले, भोवती गेरूचे तांबडे-पिवळे कडे आणि पायथ्याशी द्राक्षमळे. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, या गावात एक उंच, शिडशिडीत, अबोल परदेशी गृहस्थ आपल्या फ्रेंच सहचारिणीसह आश्रयाला आला. पुढे जगभरच्या रंगभूमीची दिशा बदलणारा नाटककार म्हणून हाच गृहस्थ ओळखला गेला. त्याचे नाव सॅम्युएल बेकेट.

बेकेट यांचा जन्म १३ एप्रिल १९०६ रोजी आयर्लंडमध्ये, डब्लिननजीकच्या फॉक्सरॉक येथे एका सुखवस्तू प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी फ्रेंच व इटालियन भाषांचे शिक्षण घेतले. १९२८ मध्ये अध्यापनाच्या निमित्ताने ते पॅरिसला गेले आणि तेथे जेम्स जॉइस यांच्या सहवासात आले. १९३७ मध्ये त्यांनी पॅरिसमध्येच कायमचे बिऱ्हाड केले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाला तोंड फुटले तेव्हा ते आईला भेटण्यासाठी मायदेशी होते. आयर्लंड या युद्धात तटस्थ राहिला. तेथे सुरक्षित राहणे त्यांना सहज शक्य होते. तरीही ते फ्रान्सला परतले.

जर्मनांनी पॅरिस घेतल्यानंतर, १९४१ मध्ये, बेकेट एका भूमिगत गटात सामील झाले. जर्मन सैन्याच्या हालचालींची माहिती निरनिराळ्या हस्तकांकडून येत असे. ती संकलित करून, तिचे भाषांतर करून टंकलिखित करण्याचे काम त्यांच्याकडे होते. ऑगस्ट १९४२ मध्ये एका धर्मगुरूने फितुरी केली आणि या गटाची वाताहत झाली. बेकेट यांचे जिवलग मित्र आल्फ्रेड पेराँ पकडले गेले. छळछावणीतून सुटका झाल्यानंतर काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. पेराँ यांच्या पत्नीने वेळेवर दिलेल्या इशाऱ्यामुळे बेकेट आणि सुझान निसटले. लपतछपत, सीमा ओलांडून ते रूसियोंला पोहोचले.

येथे त्यांचे आयुष्य पार बदलले. आरंभी त्यांनी गावातील लहानशा हॉटेलात आसरा घेतला, नंतर गावाच्या कडेला एका घरात बिऱ्हाड थाटले. जवळचा पैसा तुटपुंजा आणि रेशनवरचा शिधा अपुरा होता. मग उच्चविद्याविभूषित बेकेट शेतावर राबू लागले. ओद नावाच्या शेतकरी कुटुंबाकडे ते कष्टाची कामे करीत आणि त्याच्या मोबदल्यात धान्य व भाजीपाला घरी आणीत. हंगामात बोनेली नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात त्यांनी द्राक्षतोडणीही केली. आश्रयाला आलेले पोलिश ज्यू चित्रकार आंरी हेडन हे त्यांचे स्नेही झाले आणि दोघांचे बुद्धिबळाचे डाव रंगू लागले. संध्याकाळी बेकेट वही उघडून बसत. पॅरिसमध्ये सुरू केलेली 'वॉट' ही कादंबरी त्यांनी येथे पुढे नेली. आपले मन ताळ्यावर ठेवण्यासाठीच हे लेखन चालले होते, असे त्यांनी नंतर सांगितले.

नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्याने फ्रान्सचा दक्षिण भागही व्यापला. आता रूसियोंही सुरक्षित राहिले नाही. पॅरिससारख्या महानगरात माणूस गर्दीत लपतो. खेड्यात मात्र नवा माणूस साऱ्यांच्या नजरेत भरतो. फितुरीसाठी एक जीभ पुरेशी होती. पण दोन वर्षांहून अधिक काळ हे दांपत्य येथे राहिले आणि त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. पुढे बेकेट यांनी स्थानिक बंडखोरांनाही साथ दिली. फ्रान्स मुक्त झाल्यानंतर, १९४५ च्या प्रारंभी, ते पॅरिसला परतले. त्याच वर्षी फ्रेंच सरकारने त्यांना 'क्रॉआ द गेर' हे शौर्यपदक दिले. आपल्या युद्धकार्याचा गाजावाजा मात्र त्यांनी कधी केला नाही.

ऑक्टोबर १९४८ ते जानेवारी १९४९ या काळात त्यांनी एक नाटक लिहिले, तेही मातृभाषेत नव्हे, फ्रेंचमध्ये. 'वेटिंग फॉर गोदो' या नावाने जगभर गाजलेले हे नाटक ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसच्या रंगमंचावर आले. न येणाऱ्या कोणाची तरी वाट पाहणाऱ्या दोन भटक्यांची ही कथा. तिची पाळेमुळे केवळ रूसियोंच्या दिवसांत शोधणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु उद्याची शाश्वती नसताना जोडीदाराच्या संगतीने एकेक दिवस ढकलणे म्हणजे काय, हे नाटककाराने तेथे स्वतः अनुभवले होते.

कीर्ती आली तरी खेड्याची ओढ सुटली नाही. आईच्या वारशातून मिळालेल्या पैशांतून बेकेट यांनी मार्न नदीकाठच्या उसी या गावी साधे, छोटे घर बांधले. पॅरिसच्या गजबजाटातून ते वारंवार तेथे जात, झाडे लावीत, एकांतात लिहीत. रूसियोंमध्ये अज्ञातवास नशिबी आला होता. उसीमध्ये तो त्यांनी आपखुशीने पत्करला. १९६९ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हाही ते सोहळ्यापासून दूरच राहिले. २२ डिसेंबर १९८९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. पाच महिन्यांपूर्वीच सुझान गेल्या होत्या. माँपार्नासच्या दफनभूमीत दोघे एकत्र विसावले आहेत.

'गोदो'च्या मूळ फ्रेंच संहितेत एक लहानसा उल्लेख आहे. एक भटका दुसऱ्याला वोक्लूझमधील द्राक्षतोडणीची आठवण करून देतो आणि गावाचे व मळेवाल्याचे नावही घेतो: रूसियों आणि बोनेली. नाटकाचे इंग्रजी भाषांतर बेकेट यांनी स्वतःच केले. त्यात मात्र त्या पात्राला ना गावाचे नाव आठवते, ना माणसाचे. ज्यांच्या भाकरीवर युद्धाचे दिवस निघाले, त्यांची नावे त्यांच्याच भाषेत जशीच्या तशी राहिली आहेत.