रने लालिक : सुवर्णकाराने घडविलेला प्रकाश

सोनाराने सोने सोडून काच हाती धरली, असे कोणी सांगितले तर आमच्या ज्ञातिबांधवांस तो दैवाचा फेराच वाटेल. फ्रान्समधील रने लालिक यांनी हेच केले. आणि तेही पेढी बुडाली म्हणून नव्हे, तर जवाहिरे म्हणून त्यांची कीर्ती युरोपभर झालेली असताना. त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले ते याच कारणाने.

लालिक यांचा जन्म शँपेन प्रांतात 6 एप्रिल 1860 रोजी झाला. 1876 साली वडील वारले आणि सोळा वर्षांचे लालिक पॅरिस येथे लुई ओकॉक या जवाहिऱ्याकडे उमेदवारीस राहिले. पुढे इंग्लंडमध्ये दोन वर्षे शिक्षण घेऊन ते परतले व कार्तिए, बुशरों अशा नामांकित पेढ्यांना दागिन्यांचे नमुने काढून देऊ लागले. थोड्याच वर्षांत त्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला.

दागिन्याचे मोल हिऱ्यांवरून ठरविण्याची रीत तिकडेही होतीच. लालिक यांनी शिंग, हस्तिदंत, मीना आणि काच यांना सोन्याच्या पंक्तीस बसविले. शिंगाच्या फणीवर फुले कोरावीत, चतुराचे पंख मीनाकारीने पारदर्शक करावेत, अशी त्यांची तऱ्हा. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या दालनापुढे लोकांची रीघ लागली. कालूस्त गुल्बेंकियान या धनिकाने त्यांच्याकडून घेतलेले अलंकार आज लिस्बनच्या संग्रहालयात आहेत.

परंतु लालिक यांचे चित्त काचेत गुंतले होते. 1902 साली पॅरिसमध्ये बांधलेल्या स्वतःच्या घराच्या दारांत त्यांनी देवदाराच्या फांद्या उठविलेल्या काचेच्या तावदानी बसविल्या. पुढे फ्रान्स्वा कोटी या अत्तरवाल्यासाठी कुप्या घडविल्या, आणि दागिने मागे पडत गेले. 1921 साली आल्सास प्रांतात त्यांनी मोठा काचकारखाना उभारला.

येथे त्यांची सोनारी कामास आली. पोलादी साच्यात तापलेली काच दाबून उठावाची नक्षी काढावयाची आणि काही भाग आम्लाने धूसर करावयाचा, ही त्यांची मुख्य रीत. विजेचा उघडा दिवा डोळ्यांत खुपतो. धूसर काचेमागे तोच ठेवला की उजेड काचेत पसरतो आणि नक्षीच उजळू लागते. अशा रीतीने छताला टांगावयाची दिव्यांची भांडी, भिंतीवरील दिवे, दारांच्या तावदानी आणि उजळणारे खांब तयार झाले. साच्यातून निघालेल्या वस्तूस कला कशी म्हणावी, असे कोणी म्हणेल. आम्हांस तो आक्षेप पटत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या आपणही ठशावरच काढतो. खरी कारागिरी ठसा कोरणाऱ्याची असते. शिवाय, मेणाचा नमुना वितळवून एकेकच वस्तू ओतण्याची, आपल्या ओतकामाला जवळची असलेली रीतही त्यांनी सोडली नव्हती.

1925 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी आतून उजळणारे सुमारे 15 मीटर उंचीचे काचेचे कारंजे उभारले. 1929 मध्ये आगगाडीच्या विलासी डब्यांत शिसवासारख्या गडद महोगनी लाकडात त्यांच्या काचेच्या आकृती जडविल्या गेल्या; हे तर कोंदणाचेच काम! 1933 साली पुरी झालेल्या टोकियोच्या राजपुत्र आसाका यांच्या वाड्यातील पंख पसरलेल्या स्त्रियांची दारे व झुंबरेही त्यांचीच. 1983 पासून तो वाडा कलासंग्रहालय झाला आहे. जर्सी बेटावरील एका चर्चमध्ये त्यांनी 1934 मध्ये वेदी, क्रूस, खिडक्या सारे काचेचेच केले.

सर्वांत मोठा थाट ‘नॉर्मंडी’ या जहाजाचा. 1935 साली ते प्रथम अटलांटिकपार गेले. त्याच्या सुमारे 90 मीटर लांब भोजनगृहाला बाहेरचा उजेड नव्हताच. 700 माणसांच्या पंक्तीला प्रकाश पुरवीत ते लालिक यांचे काचेचे 12 उंच दीपस्तंभ आणि भिंतींवरील दिवे. महायुद्धात अमेरिकेने हे जहाज सैन्यासाठी घेतले. फेरबदल चालू असता फेब्रुवारी 1942 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्याला आग लागली आणि ते कलंडले.

तोवर आल्सास जर्मनांच्या हाती गेले होते, लालिक यांचा कारखाना बंद पडला होता. तो पुन्हा चालू झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मे 1945 मध्ये पॅरिस येथे त्यांचा अंत झाला. पुढे चिरंजीव मार्क यांनी भट्ट्या पेटविल्या. मात्र वडिलांची साधी काच बाजूस ठेवून त्यांनी स्फटिककाच घेतली.