हसणाऱ्यांना गप्प करणाऱ्या रमाबाई

नव्याने कामाला लागलेली बाई पहिले कित्येक दिवस काही विचारतच नाही, पाहिलंय ना तुम्ही? कळलं नाही तरी मान हलवते. कारण विचारलं की कुणीतरी फिसकन हसतं. माझ्या ओळखीतल्या एकीने याच भीतीपायी महिनाभर चुकीच्या रजिस्टरात नोंदी केल्या. साहेबही हसणाऱ्यांतलेच, मग सांगणार कुणाला? न घाबरता विचारता यावं, चुकलं तर सांगता यावं, याला हल्ली 'मानसिक सुरक्षितता' असं भारदस्त नाव आहे. मला मात्र तो शब्द ऐकला की रमाबाई रानडे आठवतात.

'उंच माझा झोका' ही मालिका २०१२ मध्ये लागायची तेव्हा आपण सगळ्याच टीव्हीसमोर बसायचो. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही यमुना, जन्म १८६२ चा. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, लग्न होऊन ती महादेव गोविंद रानड्यांच्या घरी आली. अक्षरओळखसुद्धा नव्हती. रानड्यांनी स्वतः तिला शिकवायला घेतलं, आधी मराठी, मग इंग्रजी.

पण रात्री धडा व्हायचा आणि दिवस उजाडला की घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे सुरू! बायकांच्या जातीला हवंय कशाला इंग्रजी, असा सगळा सूर. नाशिकला रमाबाईंनी पहिलं जाहीर भाषण केलं, तेही नवऱ्याने लिहून दिलेलं. पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी खटपट चालली होती, तेव्हा त्यांनी गव्हर्नरसमोर इंग्रजी भाषण वाचून दाखवलं. बाहेर कौतुक झालं आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. हे सगळं त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंय.

एक गोष्ट मला नेहमी टोचते. रानडे एवढे मोठे, न्यायाधीश, समाजसुधारक. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना त्यांनी फारसं अडवलं नाही. बायकोला धीर द्यायचे, समजूत घालायचे. पण सोसायचं, उलट उत्तर द्यायचं नाही, हीच शिकवण. म्हणजे खोलीत आधार होता, माजघरात नव्हता. त्या काळी एवढंही कुठे मिळायचं म्हणा!

१९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाई तेव्हा जेमतेम चाळिशीच्या. काही काळ त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. मग येरवड्याच्या तुरुंगात बायका-कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या, रुग्णालयात जाऊ लागल्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्याचं सेवासदन सुरू झालं, तेही रमाबाईंच्या राहत्या वाड्यातच. शिकायला येणाऱ्यांत विधवा, टाकलेल्या, वय वाढलेल्या अशा कितीतरी बायका. आयुष्यात पाटीला हात लावला नव्हता अशाही त्यांत होत्या. इथे उशिरा शिकणं ही लाजेची गोष्ट नव्हती, कारण चालवणारी बाई स्वतः लग्नानंतर अक्षरं गिरवलेली.

कसोटी लागली ती नर्सिंगच्या वेळी. सेवासदनने बायकांना ससून हॉस्पिटलात शिकायला धाडलं. परक्या पुरुषाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं अंग पुसायचं, घाण काढायची. पुण्यात ओरड झाली नसती तरच नवल. आधीच विधवा, त्यात हे काम!

संस्थेच्या एका वार्षिक समारंभातला प्रसंग आहे. थिएटर भरलेलं, मोठमोठे पाहुणे आलेले, वर गॅलरीत विद्यार्थी. बक्षीस घ्यायला एक केशवपन केलेली विधवा बाई मंचावर आली आणि गॅलरीतून हुर्यो सुरू झाली. विचार करा, त्या बाईचं काय झालं असेल.

समारोपाला रमाबाई उठल्या. आता नेहमीप्रमाणे पाहुण्यांचे आभार मानून विषय मिटवता आला असता. संस्था देणग्यांवर चाललेली, समोर प्रतिष्ठित मंडळी, कशाला वाद? पण त्या भडकल्या. तुम्हाला शिकलेले तरी कसं म्हणायचं, असं त्या पोरांना भर सभेत त्यांनी विचारलं. तुमच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या, मावशी नाही का, आणि तिची आठवण ठेवून तुम्ही हसू शकला असतात का, असंही सुनावलं. जन्मभर टोमणे ऐकून मान खाली घालणारी, उलट बोलायचं नाही हे शिकलेली ती बाई, दुसरीसाठी मात्र उलट बोलली.

सभा चिडीचूप झाली.