झाक प्लांट
झाक प्लांट (१७ जानेवारी, १९२९ – २७ फेब्रुवारी, १९८६) हे कॅनडाचे व्यावसायिक आइस हॉकीपटू होते. क्वेबेक प्रांतात जन्मलेले प्लांट माँट्रियल कॅनेडियन्स संघाचे गोलरक्षक म्हणून प्रसिद्धीस आले. या संघाकडून त्यांनी सहा वेळा स्टॅनले करंडक जिंकला. त्यांपैकी पाच विजेतेपदे १९५६ ते १९६० अशी सलग होती.

त्या काळी नॅशनल हॉकी लीगमधील गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने खेळत. प्लांट सरावात मुखवटा वापरीत. मात्र सामन्यात तो घालण्यास प्रशिक्षक टो ब्लेक यांचा विरोध होता. १ नोव्हेंबर, १९५९ रोजी न्यू यॉर्क रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात अँडी बाथगेट यांनी मारलेली रबरी चकती प्लांट यांच्या चेहऱ्यावर आदळली. टाके घातल्यानंतर मुखवट्याशिवाय खेळण्यास त्यांनी नकार दिला. संघाकडे योग्य पर्यायी गोलरक्षक नसल्याने ब्लेक यांना संमती द्यावी लागली. माँट्रियलने तो सामना ३-१ असा जिंकला.

क्लिंट बेनेडिक्ट यांनी १९३० मध्ये अल्पकाळ मुखवटा वापरला होता; परंतु त्याचा नियमित वापर प्लांट यांच्यापासून रूढ झाला. मुखवटा हे भित्रेपणाचे लक्षण मानणाऱ्यांची टीका त्यांच्या यशापुढे टिकली नाही. त्यांनी सात वेळा व्हेझिना करंडक, तर १९६२ मध्ये हार्ट करंडक मिळवला. १९७८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.