पं. नाथूराम प्रेमी : कारकुनीतून ज्ञानसाधनेकडे

आष्टीसारख्या गावांतून उपजीविकेसाठी शहराकडे जाणाऱ्या आपल्या तरुणांना पं. नाथूराम प्रेमी यांचे चरित्र विशेष जवळचे वाटेल. सागर जिल्ह्यातील देवरी येथे 1881 साली एका निर्धन जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्रारंभी तुटपुंज्या वेतनावर शिक्षकी पत्करली. पुढे मुंबईत दिगंबर जैन प्रांतिक सभेत कारकुनी लाभली. आयुष्य तेथेच सरले असते, तरी कोणी दोष दिला नसता.

परंतु नोकरी सांभाळूनच त्यांनी संस्कृत, बंगाली, गुजराती आणि आपली मराठी आत्मसात केली. पदवीची आशा त्यात नव्हती. पं. पन्नालाल बाकलीवाल यांच्या सहवासात ग्रंथप्रकाशनाचे मर्म उमगले आणि ‘जैन हितैषी’चे संपादन त्यांच्याकडे आले. 1912 साली त्यांनी मुंबईत ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय’ स्थापिले. पहिला ग्रंथ ‘स्वाधीनता’, म्हणजे मिल यांच्या ग्रंथाचा महावीरप्रसाद द्विवेदीकृत अनुवाद. द्विजेंद्रलाल रायांची बंगाली नाटकेही तेथूनच हिंदी वाचकांस मिळाली. माणिकचंद ग्रंथमालेचे मंत्री या नात्याने त्यांनी कित्येक दुर्मीळ संस्कृत-प्राकृत ग्रंथ प्रकाशात आणले. रोजच्या कामातून वाचविलेल्या घटकांचे हे फळ होय.

1942 साली ‘जैन साहित्य और इतिहास’ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी पुत्र हेमचंद्र निवर्तले. पुढच्याच वर्षी प्रेमीजींनी कविवर बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ संपादून छापले. आपली नऊही अपत्ये गमावल्याचे बनारसीदासांनी त्यात स्वतःच नमूद केले आहे. प्रेमीजी 1960 साली मुंबईत निवर्तले.