एअरगनमधून सुटलेला पक्षी

सलीम अलींचा जन्म १८९६ साली मुंबईचा. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. मिलर्डसाहेबांनी पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि छोट्या शिकाऱ्याचा अभ्यासक झाला. नमुन्यांसाठी बंदूक पुढेही हाती राहिली. पण १९३० साली नोकरी गेल्यावर किहीमला त्यांनी तासन्‌तास गुपचूप बसून सुगरण पाहिली. घरटे विणतो नर. मादी ते पसंत करते, मग नर दुसरे विणायला घेतो! पदवी नाही म्हणून सरकारी जागा हुकलेल्या या माणसाला १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचू पाहणारा मी पहिलाच. पदवी मी घेणारच. पण पाहायला कधी शिकणार?